अण्णांचे पाय भाजत नाहीत

पंचाहत्तरीच्या दिवशी सकाळी, चहा व्हायच्या आतच, अण्णांच्या पायांवर नऊ माणसं डोकं टेकवून गेली. दहावा दूधवाला होता. तो रोजच टेकवायचा, म्हणून थोरली सून तनुजा हिने त्याला हिशेबात धरला नाही.

सोळा सालचा मे महिना होता. जायकवाडीने तळ दाखवलेला, हर्सूलच्या तळ्यात पोरांनी स्टंप ठोकलेले, आणि औरंगाबादच्या गारखेड्यात नळाला पाणी चौथ्या दिवशी, तेही नळाच्या मनात आलं तर. अशा दिवसांत माणसाला कुठंतरी डोकं टेकवावंसं वाटतंच. गल्लीने त्यासाठी कडुबा अण्णांचे पाय पसंत केले होते.

त्याला कारणही तसंच घडलं होतं. पाडव्याला अण्णांनी मारुतीपुढे उभं राहून सांगितलं, पाऊस पडेस्तोवर पायात काही घालणार नाही. आठ दिवस घरच्यांनी म्हातारपणाचा हट्ट म्हणून सोडून दिलं. मग एप्रिल तापला. घरासमोरचा नवाकोरा डांबरी रस्ता दुपारी असा पाघळायचा की कुत्रीसुद्धा सावलीतून शेपूट बाहेर काढत नव्हती. त्या रस्त्यावरून अण्णा भर बारा वाजता मुलाकडच्या व्याह्याच्या चालीने सावकाश गेले, पानटपरीपाशी उन्हात उभं राहून अर्धा तास बोलले आणि तसेच सावकाश परत आले. टपरीवाल्याने विचारलं, "अण्णा, पाय भाजत नाहीत?"

"नाय बा," अण्णा म्हणाले.

एवढंच. पण ते 'नाय बा' संध्याकाळपर्यंत पुंडलिकनगर ओलांडून गेलं, आणि चौथ्या दिवशी अण्णांच्या अंगठ्यांवर पहिलं हळदीकुंकू पडलं.

सगळ्यांत जास्त श्रद्धा बसली ती थोरल्या मुलाची, अंबादासची. अंबादास प्लॉटिंग करायचा. गेल्या वर्षी तो महापालिकेला उभा राहून तीनशे अकरा मतांनी पडला होता आणि पुढची निवडणूक चार वर्षं लांब होती. पण वडिलांच्या पुण्याईला मुरायला वेळ द्यावा लागतो, हे त्याला कळत होतं. त्याने शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर मांडव घातला, निळ्या मखमलीचं सिंहासन भाड्याने आणलं, बँजो पार्टी सांगितली आणि पत्रिकेत छापलं : 'अमृतमहोत्सवी पाद्यपूजा'.

त्याची बायको तनुजा शाळेत शिक्षिका होती. तिला एवढंच हवं होतं की पूजेच्या आधी कुणीतरी ते पाय उलटे करून बघावेत.

अण्णांना चौदा वर्षांपासून साखर होती. तिने पूर्वी कधी तळव्यांचा विचार केला नव्हता. पण पंधरा दिवसांपूर्वी फराळाची पातेली काढायला ती माळ्यावर चढली तेव्हा कोपऱ्यातल्या पोत्यातून चपला निघाल्या. चार. वेगवेगळ्या चार जोड्यांमधल्या, आणि चारही डाव्या पायाच्या. तिला आधी हसू आलं. मग शाळेतलं तपासणी शिबिर आठवलं. तिथे डॉक्टर सावनी नावाच्या बाईंनी मुलांबरोबर शिपाई सखारामचेही पाय बघितले होते आणि त्याला विचारलं होतं, "चप्पल पायातून निसटली तर कळतं का तुम्हाला?"

"म्याडम," सखाराम दुखावून म्हणाला होता, "मी काय पिऊन येतो का शाळेत?"

"तसं नाही हो. साखरेने पायाच्या नसा बधिर होतात. ज्याला चप्पल गेलेली कळत नाही, त्याला खिळा घुसलेलाही कळत नाही."

तेव्हापासून तनुजाला झोप नव्हती. तिने अण्णांना एकदा सरळच म्हटलं, "अण्णा, जरा तळवे दाखवता?"

"सून सासऱ्याच्या पाया पडती," अण्णा पाय धोतरात ओढून घेत म्हणाले. "तपासत नसती."

अंबादासला सांगितलं तर तो म्हणाला, "शुगरवाल्यानं देवाला काही बोलायचंच नाही का? बरं, दाखवू. उद्या नक्की दाखवू. आजचा कार्यक्रम तर होऊ दे." हा उद्या गेले पंधरा दिवस तसाच उद्यावर थांबून होता.

शेवटी तिने सगळी भिस्त साळूबाईंवर ठेवली. साळूबाई अण्णांची थोरली बहीण, वय एकोणऐंशी, मुक्काम खुलताबाद. अण्णा आयुष्यात दोघांना घाबरत आले : पाटबंधारे खात्याचे इंजिनियरसाहेब आणि आक्का. त्यांतले साहेब केव्हाच निवृत्त झाले होते.

साळूबाई काळीपिवळीतून उतरल्या, तडक स्वयंपाकघरात आल्या आणि पाटावर पाय पसरून बसल्या. त्यांच्या टाचा उन्हाळ्यातल्या वावरासारख्या फाटलेल्या होत्या. मांडवातून कुणीतरी 'अण्णांची बहीण, अण्णांची बहीण' म्हणत त्यांच्याही पाया पडून गेलं. त्यांना ते आवडलं.

"आत्या, तुमच्याशी बोलायचंय," तनुजा म्हणाली. "अण्णांच्या पायांचं."

"काय बोलती! आमच्या गल्लीत बी गेलं नाव. म्या म्हनलं, लहानपनापासूनच सत्त्वाचा हाय कडुबा. निखाऱ्यावर चालला असता."

"मला ते सत्त्व वाटत नाही, आत्या. त्यांच्या पायातला जीवच गेलाय असं वाटतंय. एकदा तळवे बघायला पाहिजेत."

साळूबाईंनी तिच्याकडे शिकलेल्या सुनेकडे बघतात तसं बघितलं. "आगं, पाय म्हनल्यावर भेगा पडत्यात, घट्टे पडत्यात. हे माझे बघ. एरंडेल चोपडायचं आन् कामाला लागायचं. देवाधर्माच्या मधी तू नको शिरू." मग नजर खाली गेली. "आन् तू का लंगडती?"

"कुठं काय. वर्गात उभं राहून राहून," तनुजा म्हणाली आणि साडीचा काठ घोट्याखाली ओढून घेतला.

तेवढ्यात धाकटी जाऊ मंदा फरशी पुसायचं फडकं बादलीत आपटत आत आली. तिचा नवरा रावसाहेब वाळूजला कंपनीत होता. आपला प्लॉट दादांच्या हातून व्हायचाय हे मंदा कधी विसरत नसे, म्हणून ती सगळ्या बाबतींत अंबादासच्या बाजूची होती. पण आज तीही करवादली होती. "बाई, हे लोक कुंकू कसलं आणतेत हो? अण्णांची पावलं उमटतात फरशीवर आन् वाळून काळीच पडतात. दोन आठवडं झाले, रोज घासते. त्यात पाण्याची ही बोंब."

तनुजाच्या डोक्यात काहीतरी चमकलं, पण बाहेरून अंबादास ओरडला, "चला, चला! मुहूर्त!" आणि ते तिथेच राहिलं.

मांडवात दोनशे माणसं होती आणि पंखे सहा. अण्णा सिंहासनावर बसले होते. डोक्याला फेटा, गळ्यात हार, चेहऱ्यावर लग्नातल्या फोटोत होता तोच ओशाळा भाव. तीस वर्षं त्यांनी पाटकरी म्हणून कालव्याच्या भरावावरून रोज बारा-पंधरा मैल तुडवले होते. बसून राहण्याबद्दल कुणी सत्कार करील असं त्यांना वाटलं नव्हतं. उदबत्त्या भरपूर लावल्या होत्या. त्यांच्या वासाखाली तनुजाला आणखी एक वास आला. कोमेजलेल्या हाराचा असेल, असं तिने मनाला सांगितलं.

समोर पितळी परात. शेजारी तांब्याच्या कलशात पैठणहून आणलेलं गोदावरीचं पाणी, तळाशी थोडी गोदावरीही बसलेली. गुरुजी म्हणाले, "पाद्यासाठी पाणी कोमट असावं."

मंदाने आचाऱ्याच्या चुलीवरून भाताच्या आधणाचं पातेलं उचलून आणलं होतं. त्यात घालायचं गार पाणी मागच्या ड्रममध्ये होतं. म्हणजे सकाळी होतं. ते आचाऱ्याच्या माणसांनी काकड्या धुवायला संपवलं. मंदा कुजबुजली, "दादा, गार पाणी नाही."

"चालतंय, ओत," अंबादास म्हणाला. त्याचं लक्ष रस्त्याकडे होतं. पक्षाचे साहेब निघाले, असा फोन आला होता.

एकेचाळीस अंशांच्या उन्हात वाफ काही वेगळी दिसत नाही. मंदाने परातीत पाणी ओतलं. अण्णांनी दोन्ही पाय उचलून आत ठेवले आणि लोकांकडे बघून हसले.

तनुजाने पाय धुवायला ओंजळ घातली आणि किंचाळून हात बाहेर काढला. बोटं लालबुंद.

"अण्णा, पाय काढा!"

"का गं?" अण्णा म्हणाले. "गार तर हाय."

 मागून एक बाई ओरडली, "आगं बया! आधणाचं पाणी, आन् अण्णा म्हणतेत गार हाय!" बायका हात जोडून उठल्या. कुणीतरी अण्णांच्या नावाचा जयजयकार केला. दोघीतिघी तीर्थ घ्यायला वाट्या घेऊन पुढे सरसावल्या. साळूबाईंनी कानशिलावर बोटं मोडली. गुरुजींना पोथीत याच्यावर काही सापडेना, त्यांनी घंटा वाजवली.

तनुजाने परात लाथेने सरकवली. लाथेनेच, नंतर आठवडाभर गल्लीत परातीपेक्षा ती लाथच गाजली. अण्णांचे पाय मांडीवर घेऊन तिने गोदावरीचा अख्खा कलश त्यांच्यावर रिकामा केला. तो पुरला नाही. मग हात लांब करून पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार ओढला.

"अगं ए!" अंबादास धावला. "दोनशे माणसांचं प्यायचं पाणी!"

"माणसं सरबत पितील," ती म्हणाली आणि जार उपडा केला.

पावलांवरचं हळदीकुंकू धुऊन गेलं. खाली कातडी सोललेली होती. आणि उजवा तळवा वर झाला तेव्हा करंगळीच्या मुळाशी रुपयाएवढं काळं भोक होतं, त्याच्या कडा पांढऱ्या मऊ पडलेल्या, आणि त्या भोकात काहीतरी लोखंडी चमकत होतं.

तनुजाने पदर खेचून त्यावर टाकला आणि वर बघितलं. सगळ्यांत पुढे साळूबाई उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं होतं. कानशिलावरची त्यांची बोटं तिथेच राहिली होती.

"कडुबाला आत घ्या," त्या म्हणाल्या. "आत्ता."

खोलीत अण्णांना पलंगावर बसवलं. दार लागलं. आत तनुजा, अंबादास, मंदा आणि साळूबाई. बाहेर रावसाहेब, दोनशे माणसं आणि बँजो पार्टी.

"दवाखान्यात जायचं," तनुजा म्हणाली. "डॉक्टर सावनींना मी फोन केलाय. त्या थांबल्यात."

"काय नाय झालं," अण्णा म्हणाले. "जरा चटका बसला असंल. दुखत बी नाय."

"दुखत नाही, तेच झालंय, अण्णा."

"अर्धा तास," अंबादास म्हणाला. "फक्त साहेब येऊन जाऊ देत. एक फोटो—"

"दादा," मंदा मध्येच म्हणाली. ती पायाकडे बघत भिंतीला टेकली होती. "ते कुंकू नव्हतं."

"कोणतं कुंकू?"

"फरशीवरचं. उजव्याच पायाचं उमटायचं. मी दोन आठवडं घासतेय." तिने फडक्याने तोंड दाबलं. प्लॉट वगैरे सगळं त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावरून पुसून गेलं. ती उठून तनुजाच्या शेजारी येऊन उभी राहिली. "बाई म्हणतेत ते बरोबर आहे. आत्ताच न्या."

"मी कुठंच येनार नाय," अण्णा म्हणाले. "दवाखान्यात ते लोक बूट का फिट घालतेत पायात. मारुतीला शब्द दिलाय म्या."

 तनुजाने माळ्यावरून आणून कपाटामागे ठेवलेलं पोतं काढलं आणि चारही चपला पलंगावर एका ओळीत मांडल्या. डावी, डावी, डावी, डावी.

अण्णांनी त्या बघितल्या. फेटा काढून मांडीवर ठेवला. बराच वेळ ते फेट्याशीच बोलल्यासारखे बोलले.

"निघून जाती. आन् मला कळत नाय. एक सलीमच्या रिक्षात सापडली, त्यानं आनून दिली, मंग पुना गेली. पैठण गेटला एक पाय चपलेत आन् एक तसाच, आसा तासभर हिंडलो. पोरं हसत व्हती. म्हातारा प्यायलाय म्हनली. तीस वर्सं मी पायावर भाकर खाल्ली, आक्का. आंधारात भरावाला बीळ पडलं तर तळव्याला कळायचं माझ्या. आता सोताची चप्पल कळंना." ते थांबले. "म्हनलं, चप्पलच सोडावी. पन उगाच सोडली तर लोक इचारतेत. म्हनून पावसाचं नाव घेतलं."

"म्हणजे नवस खोटा?" अंबादासचा आवाज बसला.

"निम्मा खरा व्हता," अण्णा म्हणाले. "पाऊस पायजेच की."

कुणी हसलं नाही, पण खोलीतली हवा जरा हलली.

साळूबाई एवढा वेळ उभ्या होत्या. आता त्या पलंगाच्या कडेला बसल्या. "कडू, आपला बाप कशानं गेला?"

"तापानं. बाहात्तरला."

"तू जायकवाडीच्या कामावर व्हता. तू आला तवा राख झाली व्हती. आमी तुला ताप सांगितला." साळूबाईंचा आवाज एकदम सपाट झाला. "दुष्काळी कामावर खडी फोडीत व्हता. चीप घुसली पायात. काय नाय, काय नाय म्हनत चिंधी बांधून आठ दिवस खडी फोडली. नवव्या दिवशी मांडीपतुर काळा. म्या बैलगाडीत घालून औरंगाबादला आनीत व्हते. हर्सूलच्या अलीकडं गाडीतच गेला. आन् जाता जाता काय म्हनावं त्यानं? पोराला सांगू नको माझा पाय सडला म्हनून. लोक नावं ठिवतेल."

अण्णा आक्काच्या तोंडाकडे बघत राहिले. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी वडिलांचा ताप सांभाळून ठेवला होता. आता तो कुठे ठेवावा, हे त्यांना कळेना.

"म्या सांगितलं नाय, ही माझी चूक," साळूबाई म्हणाल्या. "सांगितलं असतं तर आज तूबी लपवला नसता. आता लई झालं. दोन पिढ्या लाजन्यात गेल्या पायापायी."

"पन शब्द—"

"शब्द काय हाय तुझा? पायात काय घालनार नाय. बरं, नको घालू. पन जमिनीला पाय लावनार आसा तर शब्द नाय ना? मंग लावायचाच नाय. चप्पल बी नको आन् भुई बी नको. मारुतीला म्या समजावते. त्यो सोता उडत फिरायचा, त्याला कळंल."

अण्णांनी यावर विचार केला. कायद्यात बसत होतं. पाटबंधारे खात्यात त्यांनी यापेक्षा ढिले अर्थ मान्य होताना पाहिले होते.

"पाय कापतील का गं?" त्यांनी तनुजाला विचारलं. इतक्या हळू की तिलाच ऐकू यावं.

"मला माहीत नाही, अण्णा. आज गेलो तर कमी कापतील."

अंबादासचा फोन वाजला. पडद्यावर साहेबांच्या पीएचं नाव. अंबादासने फोनकडे बघितलं, वडिलांच्या पायावरच्या पदराकडे बघितलं, फोन बंद करून खिशात टाकला आणि दार उघडून भावाला हाक मारली, "रावसाहेब! ते सिंहासन आण इकडं."

दोघा भावांनी अण्णांना सिंहासनासकट उचललं. मांडवातून रस्ता काढत ते गाडीकडे निघाले. पुढे तनुजा, मागे साळूबाई, मंदाच्या हातात अण्णांच्या औषधांची पिशवी. लोकांना वाटलं मिरवणूक आहे. बँजोवाल्यांनाही तसंच वाटलं. त्यांनी पैसे मिरवणुकीचेच घेतले होते, त्यांनी दणक्यात सुरू केलं. अंबादास "बंद करा रे!" ओरडत होता, पण बँजोपुढे कुणाचं चाललंय? गल्लीच्या तोंडापर्यंत फुलं पडत होती. अण्णा सिंहासनावर दोन्ही हातांनी दांडे धरून बसले होते. पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत भीती दिसत होती, आणि पहिल्यांदाच तनुजाला जरा बरं वाटलं.

डॉक्टर सावनींनी जखम धुतली आणि चिमट्याने एक खिळा बाहेर काढून ताटलीत टाकला. टिंग आवाज झाला. अर्धा इंच, चपट्या डोक्याचा, एका बाजूला निळा रंग.

"दोनेक आठवडे तरी आत असावा," त्या म्हणाल्या. "काही अंदाज?"

अंबादास ताटलीकडे बघत राहिला. अक्षय तृतीयेला त्याने चौकात शुभेच्छांचा फ्लेक्स लावला होता, 'आपला हक्काचा माणूस'. चौकट निळी होती. वाऱ्याने ती पडली तेव्हा खिळे रस्त्यावर विखुरले होते, आणि 'गोळा करा रे' असं कुणाला तरी सांगायचं राहून गेलं होतं.  तो बाहेर जाऊन बाकावर बसला आणि दोन्ही हातांनी स्वतःचे बूट गच्च धरून ठेवले.

करंगळी गेली. बाकी पाऊल राहिलं. "आणखी आठवडा गेला असता तर गुडघ्याचं बोलावं लागलं असतं," असं डॉक्टर म्हणाल्या. नंतर त्यांनी सगळ्यांना एकत्र बसवून झापलं. पाय रोज बघायचे, तळवेसुद्धा. दिसत नसतील तर आरसा धरायचा. धुतले की बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. अंघोळीचं पाणी घरातल्या दुसऱ्याने हाताने बघायचं. घट्टे ब्लेडने तासायचे नाहीत. घरातसुद्धा अनवाणी नाही, आणि चप्पल मागून पट्टा असलेली. "आणि हे फक्त अण्णांसाठी नाही," त्या म्हणाल्या. "घरात जेवढे पाय आहेत तेवढे बघा."

"आमच्यात पाय बघायची पद्धत नाय," साळूबाई म्हणाल्या. "पडायची हाय."

"मग पडताना डोळे उघडे ठेवा," डॉक्टर म्हणाल्या.

साळूबाईंना ही बाई आवडली.

बाराव्या दिवशी, भाजलेली कातडी धरल्यावर, अण्णा घरी आले. आभाळ कोरडंच होतं. मारुतीची समजूत साळूबाईंनी घातली होती. नारळ, तेल आणि थोडा दम. अण्णांच्या डाव्या पायात मऊ पट्ट्याची चप्पल होती, उजव्याला बँडेज आणि खास बूट. गल्लीतली माणसं अजून यायची, पण आता काय करावं ते त्यांना कळत नसे. करंगळी गेलेल्या पायाला पडावं की नाही? शेवटी ते "बरं वाटतंय का?" विचारायचे आणि चहा पिऊन जायचे. अण्णांना हे जास्त पसंत होतं.

संध्याकाळी दिवा लागला की पलंगापाशी सगळे जमत. अण्णा दाढीचा आरसा घेऊन स्वतःचा डावा तळवा न्याहाळत, कालव्याची पाहणी करावी तसा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "काय नाय," असं म्हणत नसत. "बघितलं," असं म्हणत. मग साळूबाईंच्या टाचा. त्या आता कोमट पाण्यात भिजवून, पुसून, मग एरंडेल लावायच्या. आपण हे आधीपासूनच असं करत होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मग नात ओवीचा नंबर. तिचं वय अकरा, आणि तिच्या अंगठ्याचं नख मांसात शिरलेलं सापडलं. शाळेचे बूट सहा महिन्यांपासून आखूड होत होते. सांगितलं का नाही, विचारलं तर म्हणाली, "नवे जूनमध्येच घेतात ना?"

"घ्या," अण्णा म्हणाले. "चौथ्या पिढीतबी लपवायची खोड हायेच."

त्या दिवशीही सगळ्यांचे पाय बघून झाले. तनुजा सुट्टीतल्या जादा वर्गांवर सहा तास उभी राहून आली होती, आता अण्णांची पट्टी बदलून ती बेसिनकडे निघाली.

"आन् सूनबाईचे?" अण्णा म्हणाले.

 सासऱ्याने सुनेच्या पायांविषयी बोलणं, हे या घरात कुठल्याच पिढीत झालं नव्हतं. अण्णांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी हातातला आरसा पालथा ठेवला आणि सरकून भिंतीकडे तोंड केलं. "म्या काय बघत नाय. आक्का, तू बघ. ती लंगडती. मला आवाज येतो चालन्याचा. एक पाऊल जड पडतं."

"काही नाही हो अण्णा—"

"काय नाय म्हनायचं नाय ह्या घरात," भिंतीकडून आवाज आला.

साळूबाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि तिचा पाय उचलून सरळ आपल्या मांडीवर घेतला. एकोणऐंशी वर्षांच्या मांडीवर बेचाळीस वर्षांचा पाय. तनुजा दचकून मागे सरकली. "आत्या, हे काय! पाप लागेल मला."

"लागू दे. वाटून घिऊ." त्यांनी साडी पोटरीपर्यंत वर केली. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत निळ्या शिरा कारल्याच्या वेलासारख्या गाठी मारत चढल्या होत्या. घोटा सुजला होता. साळूबाईंनी अंगठा दाबला, खळगा पडला आणि बराच वेळ भरला नाही. मंदा न सांगता उशी घेऊन आली.

"किती वर्सं झाली?"

"ओवी झाली तेव्हापासून."

"आन् सगळ्या घराचे पाय बघत हिंडती," साळूबाई पुटपुटल्या. त्यांचा खरबरीत हात पोटरीवरून हलकेच खाली उतरला. "उद्या त्या डाक्तरीनबाईकडं जायचं. उद्या म्हंजे उद्या. अंबादास नेईल."

"नेतो," दारातून अंबादास म्हणाला. तो केव्हा आला होता कुणास ठाऊक. "सकाळीच नेतो."

तनुजाला रडू आलं, कशाचं ते तिलाही सांगता आलं नसतं. पाय मात्र तिने काढून घेतला नाही.

भिंतीकडे तोंड करून बसलेल्या अण्णांनी थोडा वेळ वाट बघितली. मग न वळताच विचारलं, "दुखतंय का गं?"

"ठणकतंय अण्णा. रात्री फार."

"ठणकतंय?" अण्णांनी पुन्हा विचारलं, खात्री करून घ्यावी तसं. मग आपल्या बँडेजवरून हात फिरवत, जरा हेव्यानेच, म्हणाले, "नशिबाची हायेस पोरी. तुझा पाय तुझ्याशी बोलतो अजून."